हवापालटाचा किनारा

सकाळी उठून अर्धा लिटर समुद्राचं पाणी प्यायचं आणि मग त्याच समुद्रात बुडी मारायची, तीही शक्यतो थंडीत. अठराव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमधल्या श्रीमंत रुग्णांना हे पथ्य सांगणारा डॉक्टर होता रिचर्ड रसेल. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ लुईस नावाच्या गावात त्याचा दवाखाना होता. १७५० मध्ये त्याने लॅटिनमध्ये एक प्रबंध छापला. गंडमाळा आणि ग्रंथींच्या इतर विकारांवर समुद्राचं पाणी पोटात घेतल्याने आणि अंगावर घेतल्याने गुण येतो, असं त्याचं म्हणणं होतं. शरीरातल्या ग्रंथी तुंबतात म्हणून रोग होतात, आणि खारट पाणी त्या खरवडून मोकळ्या करतं, हा त्यामागचा सिद्धांत. जोडीला जळलेला स्पंज, गोगलगायी, सापाचं मांस अशीही औषधं असायची.

अर्धा लिटर खारं पाणी पोटात गेलं की तीन-चार जुलाब ठरलेलेच. रुग्णाला वाटायचं, औषध लागू पडलं. आतून काहीतरी निघून गेलं हे त्याला दिसत होतं, आणि जे दिसतं त्यावर विश्वास चटकन बसतो. पुढच्या दोनशे वर्षांत समुद्रकिनाऱ्याच्या वैद्यकाची भिस्त बरीचशी याच विश्वासावर राहिली.

तोवर औषधी स्नान म्हणजे गरम पाण्याचे झरे. इंग्लंडात बाथ, बोहेमियात कार्ल्सबाड. तिथे जमिनीतून येणाऱ्या खनिजयुक्त पाण्यात डुंबायचं, ते प्यायचं, संध्याकाळी पत्ते खेळायचे आणि मुलींची लग्नं जुळवायची. समुद्रकिनाऱ्यावर राहायचं ते कोळ्यांनी. रसेलने हा समज उलटा केला. १७५३ मध्ये त्याने ब्रायटन या उतरती कळा लागलेल्या कोळीगावात रुग्णांना राहता येईल असं मोठं घर बांधलं. १७५९ मध्ये तो वारला, पण गावाचं नशीब पालटायचं ते पालटलं होतं.

पाणी

ब्रायटनचं समुद्रस्नान ही मौजेची गोष्ट नव्हती. किनाऱ्यावर चाकांच्या लाकडी खोल्या उभ्या असत. रुग्ण आत शिरून कपडे बदलायचा, घोडा ती खोली ओढत पाण्यात न्यायचा. समुद्राकडचं दार उघडलं की खाली पायऱ्या, आणि पायऱ्यांशी कमरेइतक्या पाण्यात उभी असलेली एक धिप्पाड बाई. रुग्णाला धरून लाटेखाली बुचकळायचं, गुदमरायच्या आत वर काढायचं, हे तिचं काम. या बायकांमधली मार्था गन इतकी प्रसिद्ध झाली की तिची चित्रं छापून विकली जात. पोहायला कोणी येतच नसे. पोहणं बहुतेकांना येतही नव्हतं. थंड पाण्याचा झटका बसावा, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

१७८३ मध्ये इंग्लंडचा युवराज, पुढचा चौथा जॉर्ज, ब्रायटनला आला. त्याच्याही मानेच्या गाठी सुजलेल्या होत्या आणि डॉक्टरांनी समुद्राचं पाणी सुचवलं होतं. गाठींचं काय झालं ते झालं, गाव मात्र त्याला मानवलं. नाटकं, घोड्यांच्या शर्यती, प्रेमप्रकरणं, सगळं तिथे सुरू झालं. जॉन नॅश या वास्तुकाराकडून त्याने तिथे घुमट-मिनारांचा एक महाल बांधून घेतला. ‘रॉयल पॅव्हिलियन’ नावाचा हा महाल पाहिला की इंग्लंडच्या किनाऱ्यावर एखाद्या नबाबाची हवेली उतरल्यासारखी वाटते.

खऱ्याखुऱ्या हिंदुस्थानातला एक माणूसही तेव्हा ब्रायटनमध्ये नशीब काढत होता. शेख दीन मुहम्मद याचा जन्म १७५९ मध्ये पाटण्यात झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल फौजेत नोकरी करून तो आयर्लंडला गेला, तिथे त्याने इंग्रजीत प्रवासवर्णन लिहिलं. १८१० मध्ये लंडनमध्ये हिंदुस्थानी जेवणाची खानावळ काढली, ती बुडाली. मग १८१४ मध्ये ब्रायटनला येऊन त्याने स्नानगृह उघडलं. रुग्णाला आधी औषधी वनस्पतींच्या वाफाऱ्यात बसवायचं. घाम सुटला की त्याच्याभोवती फ्लॅनेलचा तंबू. त्या तंबूला बाहेरून आत जाणाऱ्या बाह्या शिवलेल्या असत. मालिश करणारा बाहेर उभा राहून फक्त हात आत घालायचा आणि रुग्णाचं अंग रगडायचा. आपल्याकडे कोणताही न्हावी करतो ती चंपी. पण तिथे तिला वैद्यकाचा मान मिळाला. चौथा जॉर्ज आणि त्याच्यानंतरचा चौथा विल्यम, दोन्ही राजांचा तो अधिकृत मालिशतज्ज्ञ झाला. बऱ्या झालेल्या रुग्णांनी टाकून दिलेल्या कुबड्या स्नानगृहात मांडून ठेवण्याची त्याची पद्धत होती. ज्यांना कुबड्या घेऊनच परत जावं लागलं, त्यांची निशाणी अर्थातच तिथे नव्हती.

१८४१ मध्ये लंडन-ब्रायटन रेल्वे सुरू झाली आणि एका दिवसाच्या सहलीला येणाऱ्यांची झुंबड उडाली. राणी व्हिक्टोरियाला ती गर्दी सोसवेना. १८५० मध्ये तो महाल गावालाच विकला गेला. राजाच्या मौजेसाठी बांधलेल्या या वास्तूत खरंखुरं इस्पितळ झालं ते १९१४ च्या डिसेंबरात, पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या हिंदी सैनिकांसाठी. उपचार चालू असताना दगावलेल्या हिंदू आणि शीख सैनिकांवर गावाबाहेरच्या टेकडीवर अंत्यसंस्कार झाले. तिथे १९२१ पासून संगमरवरी छत्री उभी आहे. हे इस्पितळ होण्याआधी पाच वर्षं, १९०९ मध्ये, याच किनाऱ्यावर सावरकरांना ‘सागरा प्राण तळमळला’ ही कविता सुचली, जी शाळेत शिकलेला मराठी माणूस आयुष्यभर विसरत नाही. मराठी मनात ब्रायटन आहे ते तिच्यामुळे. ज्या किनाऱ्यावर इंग्रज बरे व्हायला येत, तिथे एका परमुलखातल्या तरुणाचा जीव कासावीस झाला होता.

हवा

खारं पाणी पिण्याची टूम ओसरली, पण किनाऱ्याचं माहात्म्य संपलं नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपला ग्रासून टाकणारा रोग होता क्षय. कारण माहीत नाही, औषध नाही, आणि घास घेतला जायचा तो ऐन तारुण्यातल्या मुलामुलींचा. कोळशाच्या धुराने आणि धुक्याने काळवंडलेल्या लंडनमध्ये हिवाळा काढणं म्हणजे फुप्फुसं खराब असलेल्या माणसाला शिक्षाच. डॉक्टरांकडे देण्याजोगं काही नसलं की ते सांगत: दक्षिणेला जा, हवापालट करा.

दक्षिण म्हणजे भूमध्य समुद्राचा किनारा, त्यातही नीसच्या आसपासचा, रिव्हिएरा म्हणून ओळखला जाणारा पट्टा. तिथे आल्प्सच्या रांगा समुद्राच्या अगदी जवळ येऊन थांबतात. उत्तरेचे बोचरे वारे त्या अडवतात, जमिनीचा उतार दक्षिणेकडे असल्याने हिवाळ्यातलं कलतं ऊनही पुरेपूर मिळतं. इटलीच्या सीमेवरच्या मांतों गावात लिंबाच्या बागा उघड्यावर फळतात. कडाक्याच्या हिमात लिंबाचं झाड तगत नाही, तेव्हा लिंबू जगतं तिथे अशक्त माणूसही जगेल, असा तर्क वैद्यकीय मार्गदर्शिकांमध्ये मोठ्या गांभीर्याने मांडलेला असे.

ही वाट मळवणाऱ्या पहिल्या काही लोकांत स्कॉटिश लेखक टोबायस स्मॉलेट होता. तो स्वतः डॉक्टर होता आणि छातीच्या दुखण्याने हैराण झालेला होता. १७६३ च्या अखेरीस तो नीसला पोहोचला, रोजच्या हवामानाची नोंद ठेवू लागला, आणि मे महिना उजाडताच समुद्रात उतरला. क्षयी दिसणारा माणूस एवढ्या गार पाण्यात शिरतो म्हणजे तो मरणार, असं भाकीत तिथल्या डॉक्टरांनी केलं. तो मेला नाही. १७६६ मध्ये त्याने प्रवासाचं पुस्तक छापलं. त्यात नीसच्या लोकांना त्याने भरपूर शिव्या घातल्या आणि हवेचं मात्र कौतुक केलं. इंग्रज वाचकांनी शिव्यांकडे काणाडोळा केला आणि हवा लक्षात ठेवली.

नीसला तेव्हा फ्रान्स नव्हे, सार्डिनियाच्या राजाचा अंमल होता. १८२० च्या सुमारास तिथे इंग्रजांची मोठी वस्ती झाली होती. एका कडक हिवाळ्यात पिकं गेली आणि भिकाऱ्यांची संख्या वाढली, तेव्हा लुईस वे या इंग्रज पाद्र्याने पुढाकार घेऊन वर्गणी जमवली आणि बेकारांकडून समुद्रालगत फिरायचा रस्ता करवून घेतला. आपल्याकडच्या दुष्काळी कामासारखाच हा प्रकार. आजचा नीसचा प्रसिद्ध ‘प्रोमनाद देझांग्ले’ तो हाच.

शेजारचं कान उदयाला आलं ते एका पटकीच्या साथीमुळे. १८३४ मध्ये इंग्लंडचा माजी लॉर्ड चान्सलर हेन्री ब्रूम आपल्या आजारी मुलीला, एलेओनोरला, घेऊन इटलीकडे निघाला होता. पटकीमुळे सीमा बंद. पहारेकऱ्यांनी त्याला अडवलं. तो मागे फिरून कान नावाच्या कोळीगावात मुक्कामाला राहिला. गाव इतकं आवडलं की त्याने जमीन घेऊन बंगला बांधला आणि त्याला मुलीचं नाव दिलं. मुलगी १८३९ मध्ये गेली. ब्रूम मात्र तिथे येत राहिला आणि १८६८ मध्ये, नव्वदीला टेकलेला असताना, तिथेच वारला. त्याच्या मागोमाग त्याचे मित्र आले, मित्रांचे मित्र आले, आणि आज चित्रपट महोत्सवासाठी गाजणाऱ्या गावात जागेचे भाव वाढू लागले.

मांतोंचं भाग्य उजळलं ते जेम्स हेन्री बेनेट या डॉक्टरमुळे. लंडनमध्ये त्याचं प्रसूतिशास्त्रात नाव होतं. क्षयाने पोखरलेला बेनेट १८५९ च्या शरद ऋतूत मांतोंला आला तो शेवटचे दिवस शांतपणे काढायला, आणि चक्क बरा झाला. १८६१ मध्ये त्याचं पुस्तक आलं, पुढे त्याच्या वाढवलेल्या आवृत्त्या आणि भाषांतरं निघत राहिली. दर हिवाळ्यात तो मांतोंला दवाखाना थाटून बसायचा. मरायला आलेला डॉक्टर धडधाकट होऊन रुग्ण तपासतो आहे, याहून मोठी जाहिरात कोणत्या गावाला मिळणार? त्याच सुमाराला, १८६० मध्ये, नीस आणि मांतों फ्रान्सला जोडली गेली. रेल्वे १८६४ मध्ये नीसला आणि १८६९ मध्ये मांतोंला पोहोचली. घोडागाडीचा पंधरवड्याचा खडतर प्रवास सरला. पॅरिसला गाडीत बसवलेला रुग्ण दुसऱ्या दिवशी समुद्र पाहू लागला.

या गावांचा मोसम हिवाळ्याचा. ऑक्टोबरात हॉटेलं उघडायची, मे उजाडला की दारांना कुलपं. उन्हाळ्यात तिथे राहणं अपायकारक मानलं जाई. दक्षिणेकडे तोंड असलेल्या खोलीचं भाडं जास्त, उत्तरेकडची खोली नोकरांना. दिवसभर बाहेर बसायचं, पण छत्री घेऊन आणि हातमोजे घालून; ऊन अंगाला लावून घ्यायचं नाही. सूर्य डोंगराआड जाताना तापमान झपकन उतरतं, म्हणून त्याच्या आत खोलीत परतायचंच. डॉक्टरांमध्ये मतभेद होते ते वेगळ्याच गोष्टीवरून. अगदी किनाऱ्यावरची हवा नसा चेतवते, तर आतल्या टेकडीवरची हवा त्या शांत करते, असं मानलं जाई. तेव्हा कुणाला कुठे ठेवायचं हा नाजूक निर्णय असे. नीसच्या मागची सिमिए ही टेकडी या मतामुळेच बंगल्यांनी आणि हॉटेलांनी भरली. १८९५ पासून सलग पाच वर्षं राणी व्हिक्टोरिया वसंतात तिथे मुक्कामाला येत होती. सोबत हिंदी नोकर असत. १८९७ मध्ये तिच्या खास मर्जीतल्या मुन्शी अब्दुल करीमलाही नेण्याचा हट्ट तिने धरला तेव्हा राजवाड्यातल्या मानकऱ्यांनी जवळजवळ बंडच केलं. राणी बधली नाही. मुन्शी सिमिएला गेला.

हवेबरोबर पैसाही येतो. मोनॅकोचा संस्थानिक कंगाल झाला होता. जर्मनीतल्या होम्बुर्ग या झऱ्याच्या गावात जुगारघर चालवून गब्बर झालेल्या फ्रांस्वा ब्लांने १८६३ मध्ये मोनॅकोच्या कॅसिनोचा ठेका घेतला. कंपनीच्या नावात त्याने पुढे घातलं ते समुद्रस्नान. फ्रान्समध्ये तेव्हा जुगारघरांना बंदी होती. तब्येतीचं निमित्त सगळ्यांना सोयीचं होतं. ती कंपनी त्याच नावाने आजही माँटे कार्लोचा कॅसिनो आणि हॉटेलं चालवते.

बरे झालेले आणि बाकीचे

मांतोंच्या जुन्या गावाच्या माथ्यावर, पूर्वी किल्ला होता त्या जागी, दफनभूमी आहे. समुद्राचं सर्वांत सुंदर दृश्य तिथूनच दिसतं. थडग्यांवर इंग्रजी, रशियन, जर्मन नावं, आणि कितीतरी दगडांवर विशी-पंचविशीतली वयं कोरलेली. रग्बीच्या जन्मकथेतला विल्यम वेब एलिस इथेच आहे. नीसमध्ये १८४७ मध्ये हेन्री फ्रान्सिस लाइट हा पाद्री क्षयाने वारला. त्याचं ‘अबाइड विथ मी’ हे भजन गांधीजींना प्रिय होतं आणि दिल्लीच्या ‘बीटिंग रिट्रीट’मध्ये अनेक वर्षं वाजवलं जाई. रशियाचा युवराज निकोलाय १८६५ मध्ये नीसलाच गेला, वयाच्या एकविसाव्या वर्षी. चित्रकार ऑब्री बिअर्डस्ली १८९८ मध्ये मांतोंला, पंचविसाव्या वर्षी. लेखक आंतोन चेखव स्वतः डॉक्टर. नीसमधल्या एका रशियन खानावळवजा हॉटेलात त्याने हिवाळे काढले, मग क्रायमियातल्या याल्टाच्या किनाऱ्यावर घर बांधलं, आणि १९०४ मध्ये, ४४ व्या वर्षी, जर्मनीतल्या एका झऱ्याच्या गावात प्राण सोडला.

मग बेनेट कसा जगला? क्षय आपोआपही आटोक्यात येतो. उपचार न मिळालेल्यांमधला काही हिस्सा शरीराच्या प्रतिकारशक्तीवर तरतो. विश्रांती, चांगलंचुंगलं खाणं आणि धुरातून सुटका यांनी त्याला हातभार लागत असेल. अडचण पुराव्याची होती. जो बरा झाला त्याने पुस्तक लिहिलं, चार ठिकाणी सांगितलं, पुढच्या हिवाळ्यात आणखी दोघांना घेऊन आला. जो मेला तो टेकडीवर गेला. आणि जो पैशाअभावी घरीच राहिला आणि तरीही बरा झाला, त्याची दखल घ्यायचं कुणाला काही कारणच नव्हतं. ‘मांतोंला गेलेल्यांपैकी किती वाचले’ यावर वाद झडत. पण ‘न गेलेल्या तशाच रुग्णांपैकी किती वाचले’ हा प्रश्न सोबत मांडल्याशिवाय पहिल्या उत्तराला अर्थ नव्हता.

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू दाखवला आणि रोग संसर्गजन्य असल्याचं सिद्ध झालं. हळूहळू किनाऱ्यावरच्या हॉटेलांची भाषा बदलली. ज्यांच्यासाठी खोल्या बांधल्या, तेच पाहुणे नकोसे झाले. लेखिका कॅथरिन मॅन्सफिल्ड १९१९ मध्ये इटलीच्या बाजूच्या सान रेमोला उतरली होती. तिच्या खोकल्याची इतर पाहुण्यांनी धास्ती घेतली. हॉटेलवाल्याने तिला जायला सांगितलं, वर खोलीच्या निर्जंतुकीकरणाचे पैसेही घेतले. रुग्णांचा ओघ आता स्वित्झर्लंडमधल्या दाव्होससारख्या डोंगराळ गावांकडे वळला. आपल्याकडेही तेच झालं. मुंबईच्या दमट हवेतून रुग्ण सह्याद्रीच्या माथ्यावर जाऊ लागले, डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये पाचगणीला काढलेलं ‘बेल एअर’ हे त्या काळातलं नावाजलेलं आरोग्यधाम.

ऊन

रुग्ण गेले तरी हॉटेलं उभी होती. त्यांना नवं कारण हवं होतं, आणि ते पुन्हा वैद्यकानेच पुरवलं. सूर्यप्रकाशाने जंतू मरतात हे १८७७ मध्ये इंग्लंडमध्ये दिसून आलं होतं. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेनने त्वचेच्या क्षयावर एकवटलेल्या प्रकाशाचे उपचार केले आणि त्याला १९०३ चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या लेझँ गावात ऑग्युस्त रोलिएने हाडांच्या क्षयाच्या रुग्णांना उघड्या सज्जांवर झोपवून उन्हाची मात्रा द्यायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी फक्त पावलं, तीही पाचच मिनिटं, मग रोज थोडं थोडं वर सरकत सगळं अंग. १९२० च्या आसपास मुलांच्या मुडदुसावर ऊन गुणकारी असल्याचं सिद्ध झालं, त्यामागचं ड जीवनसत्त्व उलगडलं. छत्री मिटली. शतकभर ज्या उन्हाला चुकवत लोक किनाऱ्यावर बसले होते, तेच ऊन आता औषध ठरलं.

या उन्हाच्या वेडाची सर्वांत अजब खूण आपल्या शेजारी आहे. झाँ सेदमान या डॉक्टरने फ्रान्समध्ये एक्स-ले-बँ इथे १९३० मध्ये फिरतं सूर्यगृह उभारलं होतं: उंच मनोऱ्यावर आडवी बसवलेली खोल्यांची लांब रांग, जी सूर्याबरोबर सावकाश वळते, म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत प्रत्येक रुग्णावर किरण सरळ पडतात. तसंच एक रिव्हिएरावरच्या व्हालोरिसमध्ये झालं आणि तिसरं जामनगरला. ते उभारवून घेणारे नवानगरचे जामसाहेब म्हणजे क्रिकेटपटू रणजितसिंहजी. ब्रायटनला खेटून असलेल्या होव्हच्या मैदानावर ससेक्ससाठी धावांचे डोंगर रचलेले तेच रणजी. १९३३ च्या सुमारास उभं राहिलेलं जामनगरचं सूर्यगृह हे त्या तिघांपैकी आज उरलेलं एकटंच. सौराष्ट्रात उन्हाचा तुटवडा कधीच नव्हता. तरी ते मोजूनमापून देणारं यंत्र युरोपातून आणावंसं वाटलं, यावरून त्या काळात या उपचाराचा दरारा किती होता ते कळतं.

रिव्हिएरावर मात्र औषधाची फॅशन व्हायला फार वेळ लागला नाही. १९२३ च्या उन्हाळ्यात जेराल्ड आणि सारा मर्फी या अमेरिकन जोडप्याने आंतीबच्या ‘ओतेल द्यु काप’ला मोसम संपल्यावरही काही खोल्या उघड्या ठेवायला राजी केलं. जवळच्या चिमुकल्या वाळूवर शेवाळाचा थर साचला होता, तो जेराल्ड दाताळ्याने उपसत बसायचा. मग चित्रकार पिकासो आला, कादंबरीकार फिट्झगेराल्ड आला. काळवंडलेली कातडी तोवर शेतमजुराची ओळख होती, आता ती सुट्टी परवडणाऱ्याची झाली. १९३० च्या दशकात हॉटेलवाल्यांनी उन्हाळ्यातही दारं उघडी ठेवायला सुरुवात केली. १९३६ मध्ये फ्रान्सच्या ‘पॉप्युलर फ्रंट’ सरकारने कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा दिली, सोबत रेल्वेचं सवलतीचं तिकीटही. पुढे मोसम असा उलटला की जानेवारीत गजबजणारा किनारा जुलै-ऑगस्टचा झाला, आणि तो राजेरजवाड्यांपुरता राहिला नाही.

उन्हाचीही पाळी आली. सूर्याच्या किरणांनी माणसाला कर्करोग होतो, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९२ मध्ये दिला. आता त्याच किनाऱ्यावर डॉक्टर मलम चोपडायला आणि दुपारी सावलीत बसायला सांगतात.

मद्रासचा निकाल

‘न गेलेल्यांचं काय?’ हा प्रश्न नीट विचारला गेला तो विसाव्या शतकाच्या मध्यावर. १९४३ मध्ये अमेरिकेत सेल्मन वॅक्समनच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झने स्ट्रेप्टोमायसिन वेगळं केलं. ब्रिटनमध्ये त्याची चाचणी घेताना ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाने कोणत्या रुग्णाला औषध आणि कोणाला नुसती विश्रांती, हे डॉक्टरच्या मर्जीवर न ठेवता दैवगतीवर सोपवलं. म्हणजे दोन्ही गट सारखे, फरक फक्त औषधाचा. १९४८ मध्ये निकाल छापला गेला. या हिलला स्वतःला तरुणपणी, पहिल्या महायुद्धात, क्षय झाला होता आणि त्याने दीर्घकाळ अंथरुणात काढला होता.

औषधं आली, पण ती कुठे द्यायची? भारतात रुग्ण लाखांनी आणि आरोग्यधामांतल्या खाटा मोजक्या. १९५६ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून मद्रासला क्षय-औषधोपचार केंद्र काढलं. वॉलेस फॉक्स यांच्या नेतृत्वाखाली शहरातल्या गरीब वस्त्यांमधले १९३ रुग्ण निवडले गेले आणि त्यांची दैवगतीनेच दोन गटांत विभागणी झाली. एक गट आरोग्यधामात: मोकळी हवा, सकस आहार, सक्तीची विश्रांती, परिचारिकांची देखभाल. दुसरा आपापल्या घरी: दाटीवाटीची खोली, बेताचं जेवण, रोजची दगदग. औषधं दोघांनाही तीच, आयसोनियाझिड आणि ‘पास’, वर्षभर.

१९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांत रोग आटोक्यात येण्याचं प्रमाण जवळपास सारखं होतं. घरी राहिलेल्यांचा आजार नंतर जास्त उलटला नाही, आणि त्यांच्या घरच्यांना लागणही जास्त झाली नाही. शंभर वर्षं ज्यासाठी कर्ज काढून लोक दूरदेशी गेले, ती हवा, ते खाणं, ती विश्रांती, यांचा औषध मिळाल्यावर फारसा वाटा उरत नव्हता. जगभरची क्षयाची आरोग्यधामं ओस पडू लागली ती यानंतर. हवेची कीर्ती असलेल्या गावांनी कधी न केलेला हिशोब मद्रासच्या चाळी-झोपड्यांमध्ये झाला.

किनाऱ्यावरचे उपचार अजूनही आहेत. ब्रिटनीतल्या रॉस्कोफला डॉ. लुई बागोने १८९९ मध्ये तापवलेल्या समुद्रपाण्याचं उपचारकेंद्र काढलं. तिथे अपघातानंतर बरा झालेला सायकलपटू लुइसाँ बोबे याने १९६४ मध्ये किबेराँला तसं हॉटेलवजा केंद्र उघडलं आणि फ्रान्सभर ती चाल पसरली. कोमट खाऱ्या पाण्याचे फवारे, समुद्रशेवाळाचा लेप, मालिश. सांधे आखडलेल्यांना पाण्यातल्या व्यायामाने बरं वाटतं, सोरायसिसच्या काही रुग्णांना डॉक्टरांच्या देखरेखीखालच्या उन्हाने फायदा होतो, आणि थकलेल्या माणसाला आठ दिवस मोकळे मिळाले की झोप लागते. एवढं द्यायला समुद्र समर्थ आहे. माहितीपत्रकात यापुढचा दावा दिसला, तर बरे झालेल्यांच्या फोटोंशेजारी न आलेल्यांचा आकडा कुठे आहे, हे खुशाल विचारावं. क्षयाची औषधं तर घराजवळच्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. ती न चुकवता पुरी केली की बहुतेकांचा रोग बरा होतो, मग खिडकीतून समुद्र दिसो वा न दिसो.